भ्रष्ट नेते पुन्हा का निवडून येतात, आणि पत्रकं वाटून काही फरक पडतो का?

मला दोन प्रश्न विचारले गेलेत. पहिला: विकसनशील देशांत भ्रष्टाचाराचे उघड आरोप असलेले नेते पुन्हा पुन्हा निवडून येतात, ते लोकांना माहीत नसतं म्हणून, की माहीत असूनही चालतं म्हणून? राज्यशास्त्रज्ञांना यातलं नक्की काय कळलंय? दुसरा प्रश्न त्यातूनच आलेला: आमची लहानशी संस्था मतदानाआधी लोकप्रतिनिधींच्या कारभाराची पत्रकं घरोघर वाटायच्या विचारात आहे, त्याचा उपयोग होईल का?

मी राज्यशास्त्र शिकवतो आणि निवडणुकीच्या काळातल्या सर्वेक्षणांमध्ये बरीच वर्षं घालवली आहेत. उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. नुसत्या पत्रकांनी बहुधा काही होणार नाही. मतदार अडाणी असतो किंवा विकला गेलेला असतो म्हणून नव्हे. मत एकच असतं आणि त्यात पाणी, रस्ता, नोकरी, आपला माणूस, परका माणूस, पक्ष अशा दहा गोष्टींचा निवाडा करायचा असतो. भ्रष्टाचार त्यातली फक्त एक. त्यामुळे भ्रष्टाचाराला शिक्षा द्यायला मतपेटी हे फार बोथट हत्यार आहे. ते जिथे चाललं, तिथे त्याच्या मागे ऑडिट उभं होतं, आणि ऑडिटच्या मागे खटला.

सुरुवात ब्राझीलपासून करावी लागते, कारण या विषयातला सगळ्यात नेटका पुरावा तिथला आहे. २००३ साली तिथल्या केंद्र सरकारच्या तपासणी यंत्रणेने एक योजना काढली. कोणत्या नगरपालिकांचं ऑडिट करायचं हे साहेबांनी ठरवायचं नाही, सोडत काढायची. तीही पत्रकार आणि पक्षांचे प्रतिनिधी यांच्या डोळ्यांदेखत. नाव निघालं की तपासनीसांचं पथक तिथे जाणार, केंद्राकडून आलेल्या पैशांची बिलं आणि निविदा तपासणार, आणि कागदावर पूर्ण झालेलं काम जागेवर आहे का तेही बघून येणार. अहवाल इंटरनेटवर, स्थानिक सभागृहाकडे आणि सरकारी वकिलांकडेही जाणार. ‘आमच्याच मागे का लागलात’ असं म्हणायची सोय त्या सोडतीने काढून घेतली.

क्लाउडिओ फेराझ आणि फ्रेडेरिको फिनान यांनी या योजनेतला एक योगायोग पकडला. (दोघेही अर्थशास्त्रज्ञ. या विषयात दोन्ही शाखांमधलं कुंपण केव्हाच पडलंय, त्यामुळे पुढेही सरमिसळ दिसेल.) २००४ मध्ये नगरपालिकांच्या निवडणुका होत्या. काही गावांचे अहवाल मतदानाआधी बाहेर आले, काहींचे नंतर, आणि कोणाचा आधी, कोणाचा नंतर हे सोडतीवर ठरलेलं. म्हणजे तुलना आयतीच तयार. अहवालात गैरव्यवहार निघाला आणि तो मतदानाआधी जाहीर झाला, तर नगराध्यक्षाची पुन्हा निवडून यायची शक्यता घटली. जिथे स्थानिक रेडिओ केंद्र होतं तिथे ती जास्त घटली. आणि ज्यांचा अहवाल स्वच्छ आला, त्यांना रेडिओमुळे फायदा झाला. ही दुसरी बाजू लोक विसरतात. माहितीने चोर पडतो तसा प्रामाणिक माणूस तरतो, आणि हे दोन्ही एकाच वेळी घडतं.

हा निबंध २००८ मध्ये आला आणि देणगीदार संस्थांच्या जगात उत्साहाचं भरतं आलं. लोकांना माहिती द्या, बाकी लोकशाही बघून घेईल, असं सगळ्यांना वाटायला लागलं. मग ठिकठिकाणी पत्रकं निघाली.

मेक्सिकोत २००९ च्या स्थानिक निवडणुकांआधी अल्बेर्तो चोंग, आना दे ला ओ, डीन कार्लन आणि लिओनार्ड वांचेकॉन यांनी नगरपालिकांच्या ऑडिटमधले आकडे छापून मतदारांपर्यंत पोहोचवले. भ्रष्टाचार मोठा होता तिथे सत्ताधारी पक्षाची मतं घटली. पण विरोधकांचीही घटली. लोक मतदानालाच कमी आले. ‘हा खातो’ हे वाचून ‘मग त्याला देऊ’ असं लोकांनी म्हटलं नाही, ‘सगळे सारखेच’ असं म्हणून ते घरी बसले. ज्यांची हक्काची मतं कार्यकर्ते उचलून आणतात, अशा नेत्याच्या हे पथ्यावरच पडतं.

यानंतर संशोधकांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने प्रयोग करून ज्याचा निकाल चमकदार आला त्यानेच तो छापायचा, हा खाक्या मोडायचा म्हणून सहा देशांत सात प्रयोग एकसारख्या पद्धतीने आखले गेले: बेनिन, ब्राझील, बुर्किना फासो, भारत, मेक्सिको आणि युगांडा. निकाल पाहण्याआधीच विश्लेषण कसं करायचं ते नोंदवून ठेवलं. भारतातला प्रयोग बिहारमध्ये व्हायचा होता, तो राजकीय विरोधामुळे गुंडाळावा लागला, आणि मला विचाराल तर तोही एक निष्कर्षच आहे. बाकीच्यांचा एकत्रित निकाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला: निःपक्ष माहिती वाटण्याच्या अशा मोहिमांचा मतदानावर सरासरी काहीही परिणाम दिसत नाही. थॅड डनिंग, मकार्टन हम्फ्रीज, सुझन हाइड वगैरे मातब्बर मंडळींनी ‘काही सापडलं नाही’ हे ठळकपणे छापलं, याचं कौतुक करायला हवं. आमच्या धंद्यात तेवढा मोठेपणा सहसा कोणी दाखवत नाही.

आता यातली खरी गंमत. ट्रेव्हर इन्सर्टी यांनी २०२० मध्ये तोवरचे सगळे प्रयोग एकत्र मांडले. सर्वेक्षणात एखादा काल्पनिक उमेदवार सांगून ‘याने पैसे खाल्ले, याला मत द्याल का’ असं विचारलं, तर त्याची मतं सरासरी ३२ टक्के बिंदूंनी (म्हणजे समजा ५० टक्के असती तर १८ टक्क्यांवर) कोसळतात. खऱ्या निवडणुकीत हीच माहिती दिली तर परिणाम जवळजवळ शून्य. तशीच माणसं, तशीच माहिती. मग मधे काय होतं?

थोडा भाग लाजेचा आहे. समोर वही घेऊन बसलेल्या अनोळखी माणसाला ‘हो, मी चोराला मत देतो’ असं कोण सांगेल? ही अडचण किती मोठी असते ते निकाराग्वात दिसलं. २००८ च्या नगरपालिका निवडणुकांनंतर लोकांना थेट विचारलं की मतासाठी तुम्हाला काही वस्तू किंवा पैसे मिळाले का, तर सुमारे २ टक्के ‘हो’ म्हणाले. मग दुसरी युक्ती केली. निम्म्या लोकांना प्रचारातल्या काही साध्या गोष्टींची यादी दाखवली (कोणी घरी आलं का, कुठे फलक लावले का) आणि यातल्या कोणत्या ते न सांगता फक्त किती घडल्या तेवढा आकडा विचारला. उरलेल्यांना तीच यादी, पण त्यात ‘वस्तू किंवा पैसे दिले’ ही एक ओळ जास्त. आता कोणाही एका माणसाने काय कबूल केलं हे कोणालाच, अगदी प्रश्न विचारणाऱ्यालाही कळत नाही. पण दोन गटांच्या सरासरीतला फरक मात्र सगळं सांगून जातो. तो फरक निघाला २४ टक्के. तेव्हापासून या विषयावर थेट प्रश्न विचारून काढलेली टक्केवारी कोणी माझ्यापुढे ठेवली की मी ती बाजूला सारतो. तुमच्याही वाचनात असे सर्व्हे येत असतील, त्यांच्याकडे याच नजरेने बघा.

पण लाज हे पूर्ण उत्तर नाही. टेलर बोआस, डॅनियल हिडाल्गो आणि मार्कुस मेलो यांनी ब्राझीलच्याच पेर्नाम्बुको राज्यात दोन्ही गोष्टी करून पाहिल्या. काल्पनिक उमेदवाराचे हिशेब लेखा न्यायाधिकरणाने (सरकारी हिशेब तपासणारी संस्था) फेटाळले असं सांगितल्यावर लोक त्याच्यावर तुटून पडले. खऱ्या नगराध्यक्षाबद्दल हेच सांगितल्यावर मत बदललं नाही. काल्पनिक उमेदवाराला ना घर असतं ना दार, त्याने कोणाच्या पोराला नोकरी लावलेली नसते, दवाखान्याची गाडी पाठवलेली नसते. खऱ्याने यातलं काहीतरी केलेलं असतं, किंवा त्याच्या विरोधकाने काहीच केलेलं नसतं. भ्रष्टाचार वाईट आहे हे लोकांचं मत खोटं नसतं. मतदानाच्या दिवशी ते इतर गोष्टींच्या खाली दबलेलं असतं, इतकंच.

दुसरी गोष्ट अपेक्षेची, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मेक्सिकोतच २०१५ मध्ये एरिक आरियास, ओरासिओ लारेगी, जॉन मार्शल आणि पाब्लो केरुबिन यांनी नगरपालिकांनी निधीचा कसा गैरवापर केला याची पत्रकं वाटली, तर काही ठिकाणी सत्ताधाऱ्यांची मतं चक्क वाढली! कारण उघड आहे. लोकांनी आधीच धरून ठेवलं होतं की हा निम्मं खातो. पत्रकावर त्यापेक्षा कमी आकडा दिसला. मग माणूस तेवढा वाईट नाही म्हणायचा. मतदाराला काय माहीत नाही याचा विचार करून आपण पत्रक काढतो, पण त्याने आधीच काय गृहीत धरलंय हे विचारायचं राहून जातं.

आर्थिक परिस्थितीचाही हात असतो. मार्को क्लाश्न्या आणि जोशुआ टकर यांनी स्वीडन आणि पूर्व युरोपातला मोल्दोव्हा यांची तुलना केली. स्वीडनमधले मतदार काळ बरा असो की वाईट, भ्रष्टाचाराची शिक्षा देतात. मोल्दोव्हात हातात पैसा खेळता असेल तर लोक काणाडोळा करतात, चणचण आली की मात्र त्याच भ्रष्टाचाराचा हिशेब मागतात. ब्राझीलमध्ये तर ‘खातो, पण कामं करतो’ अशा अर्थाची म्हण साव पावलोच्या आदेमार दे बारोस या नेत्यावरून जुन्या काळापासून रूढ आहे. मॅथ्यू विंटर्स आणि रेबेका वाइट्झ-शापिरो यांनी तपासलं तेव्हा मात्र बहुतेक मतदार ही अदलाबदल स्वीकारायला तयार दिसले नाहीत. त्यांना फरक पडत होता तो सांगणारा कोण आहे याचा. आरोप विरोधी पक्षाने केला तर तो राजकारणात खपून जातो, सरकारी ऑडिटने केला तर वजन येतं.

भारताचं उदाहरण थोडं वेगळं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालानंतर उमेदवारांना आपल्यावरचे गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण प्रतिज्ञापत्रात जाहीर करावं लागतं. माहितीची कमतरता तिथे कायद्यानेच संपवली. तरी असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सने काढलेल्या आकड्यांनुसार गुन्हे दाखल असलेले खासदार २००९ मध्ये १६२ होते, २०२४ मध्ये २५१ झाले. (दाखल गुन्हा म्हणजे सिद्ध गुन्हा नव्हे, आणि गुन्हेगारी म्हणजे भ्रष्टाचारही नव्हे. ही खिचडी करू नये.) मिलन वैष्णव यांनी २००४ ते २०१४ या तीन लोकसभा निवडणुका पाहिल्या, तर गुन्हे नावावर असलेला उमेदवार जिंकण्याची शक्यता सुमारे १८ टक्के आणि स्वच्छ उमेदवाराची ६ टक्के. त्यांचं म्हणणं असं की जिथे पोलीस, कोर्ट, कचेरी सामान्य माणसाच्या कामाला येत नाहीत आणि समाज गटांत विभागलेला असतो, तिथे दांडगाई हीच उमेदवाराची पात्रता ठरते. लोक त्याला त्याच्या लौकिकाकडे दुर्लक्ष करून निवडत नाहीत, त्या लौकिकासाठीच निवडतात. अशा जागी तुमचं पत्रक त्याचा फुकट प्रचार करील.

आता उलट बाजू, जी चर्चेत फारशी येत नाही. आपण निवडणुकीला भ्रष्टाचारावरचं औषध समजतो, पण निवडणूक लढायला पैसा लागतो आणि तो कुठून तरी यावा लागतो. देवेश कपूर आणि वैष्णव यांनी भारतातल्या सिमेंटच्या खपाचे आकडे तपासले, तर राज्यांच्या निवडणुकांच्या सुमारास खप घसरतो असं दिसलं. त्यांचं अनुमान: बिल्डरांकडचा रोख पैसा त्या काळात प्रचाराकडे वळतो, म्हणून बांधकामं मंदावतात. संदीप सुखटणकर यांनी महाराष्ट्रातले साखर कारखाने घेतले. ज्यांचे अध्यक्ष राजकारणात होते, अशा कारखान्यांनी निवडणुकीच्या वर्षी शेतकऱ्याला उसाचा भाव कमी दिला. गळती कुठे झाली हे सांगायला नको. आणि माणूस निवडून आला की पुढे भरपाई होत असावी, म्हणून सभासद गप्प बसत असावेत, असाही त्यांचा कयास आहे.

मिरियम गोल्डन या राज्यशास्त्रज्ञ आयुष्यभर याच विषयाच्या मागे आहेत. इटलीपासून सुरुवात करून त्या घाना आणि उत्तर प्रदेशापर्यंत आल्या. ब्रायन मिन यांच्याबरोबर त्यांनी उत्तर प्रदेशच्या वीज मंडळाची काही दशकांची आकडेवारी लावली, तेव्हा विधानसभा निवडणुकांच्या आधी वीजगळती वाढत असल्याचं दिसलं. त्यात खासगी कूपनलिकांचा मोठा वाटा. मीटर नाही, आकडा टाकला तरी कोणी विचारत नाही, कारण वरून कोणीतरी डोळे मिटून घ्यायला सांगितलेलं असतं. जिथे गळती वाढली तिथे आमदार पुन्हा निवडून यायची शक्यताही वाढली. इथे कोणाच्या खिशात पाकीट गेलेलं नाही. चोरीचा लाभ मतदारालाच मिळालाय. अशा भ्रष्टाचाराविरुद्ध मतदार कसा उठेल?

घानातही त्यांच्या गटाने २०१२ च्या निवडणुकीत निरीक्षक कोणत्या केंद्रांवर बसवायचे ते सोडतीने ठरवलं. निरीक्षक होते तिथे मोजणीतल्या भानगडी कमी झाल्या. पण एका पक्षाच्या बालेकिल्ल्यांत त्या निरीक्षक नसलेल्या केंद्रांकडे सरकल्या, आणि चुरशीच्या मतदारसंघांत हाणामारी तशीच निरीक्षक नसलेल्या केंद्रांकडे सरकली. एक भोक बुजवलं की पाणी दुसरीकडून येतं.

म्हणजे निवडणुकीचा काहीच धाक नसतो का? असतो. फेराझ आणि फिनान यांनीच नंतर दाखवलं की ब्राझीलमध्ये पुन्हा उभं राहता येणारे पहिल्या खेपेचे नगराध्यक्ष, मुदत संपून परत उभं राहता न येणाऱ्यांपेक्षा २७ टक्के कमी पैसे खातात. मत गमावायची भीती काम करते. पण किती? याच सोडतीच्या आकड्यांवर एरिक अविस यांच्यासह त्यांनी २०१८ मध्ये आणखी एक निबंध लिहिला. एकदा ऑडिट झालेल्या नगरपालिकेत पुढच्या काळात भ्रष्टाचार ८ टक्क्यांनी घटला, आणि या घटीचं बहुतांश श्रेय मतदारांच्या रागाला नाही, कायदेशीर कारवाईच्या भीतीला जातं. इंडोनेशियातही हेच. बेंजामिन ओल्केन यांनी सहाशेहून अधिक गावांतले रस्ते घेतले, बांधून झाल्यावर ते जागोजाग खणून आत माल किती पडलाय ते अभियंत्यांकडून मोजून घेतलं आणि कागदावरच्या खर्चाशी ताडून पाहिलं. ऑडिट होणारच अशी खात्री दिली तेव्हा गायब होणारा पैसा ८ टक्के बिंदूंनी कमी झाला. गावकऱ्यांच्या सभा भरवून देखरेख वाढवायचा प्रयत्न मात्र फारसा लागू पडला नाही.

तर तुमच्या पत्रकांकडे येऊ. काढूच नका असं मी म्हणत नाही. पण ‘भ्रष्टाचार फार वाढलाय, जागे व्हा’ या धर्तीचं काही छापू नका. नायजेरियातल्या लागोसमध्ये निक चीझमन आणि कॅरिन पायफर यांनी तसले संदेश तपासले, तर काही लोकांत लाच देण्याची तयारी उलट वाढली. कोस्टा रिकातही भ्रष्टाचार वाढतोय असं कळल्यावर लोक लाच द्यायला जास्त राजी दिसले. सगळेच खातात म्हटल्यावर आपण एकट्याने सरळ राहून काय मिळवायचं, हा हिशेब कोणीही करतो.

माझा सल्ला असा. एकच काम घ्या. किती पैसे मंजूर झाले, किती खर्ची पडले, जागेवर काय आहे. आधार ऑडिट अहवालाचा द्या आणि अहवालाचा क्रमांक छापा, म्हणजे विरोधकांनी छापवलंय असं म्हणता येणार नाही. फक्त सत्तेत असलेल्याचंच नको, प्रमुख उमेदवारांची तुलना द्या. दिल्लीत २००८ च्या विधानसभा निवडणुकीआधी झोपडवस्त्यांमध्ये आमदारांच्या कामगिरीचं तुलनात्मक प्रगतिपुस्तक वर्तमानपत्रातून वाटलं गेलं, तेव्हा मतदान वाढलं आणि चांगलं काम केलेल्यांना जास्त मतं मिळाली. कारण हातात पर्याय होता.

दोन दिवस आधी घरात टाकलेला कागद रद्दीत जातो. त्याऐवजी सगळ्यांना एकत्र, चारचौघांत सांगा. बेनिनमध्ये क्लेअर अडिडा आणि सहकाऱ्यांना दिसलं की कामगिरीची माहिती तेव्हाच चालते, जेव्हा तिचा आपल्या आयुष्याशी संबंध काय हे समजावलेलं असतं आणि ती बऱ्याच लोकांपर्यंत गेलेली असते. शेजाऱ्यालाही हे कळलंय याची खात्री पटली तरच माणूस आपलं मत वाया जाणार नाही असं मानतो.

आणि शक्य असेल तर पत्रकांच्या निम्म्या खर्चात एक माणूस वर्षभर ठेवा, जो ऑडिट अहवालातल्या आक्षेपांचं पुढे काय झालं, वसुली झाली का, गुन्हा नोंदला का, हे दर महिन्याला अर्ज करून विचारत राहील. उमेदवारी ठरण्याच्या सहा महिने आधी ते उत्तर तुमच्या हातात असेल, तर पक्षाच्या कार्यालयात नेऊन द्या. तिकीट कोणाला द्यायचं हे तिथे ठरतं, आणि तो दरवाजा संशोधकांनीही अजून पुरेसा ठोठावलेला नाही.